कोंबडीखालचा निखारा

अख्खी कोंबडी कोळशावर भाजताना घाई दोन ठिकाणी नडते. कोळसा नुसता धुमसत असतानाच जाळी चढवायची घाई आणि मग कोंबडी नेमकी निखाऱ्यांच्या डोक्यावर ठेवायची घाई. पंधरा-वीस मिनिटांत पाठ काळीठिक्कर होते, पाय ओढून पाहावा तर सांध्याशी मांस लालच. मग कोळशावर कोंबडी आतपर्यंत शिजतच नाही असा निकाल लागतो आणि पुढच्या खेपेला तुकडे करून सळईला लावले जातात. अख्ख्या कोंबडीवर हा मोठा अन्याय आहे. हाडांसकट, कातडीसकट, सावकाश भाजलेल्या कोंबडीत जो रस टिकतो तो तुकड्यांत टिकत नाही. तुकड्यांना मसाल्याचा आधार लागतो. अख्खी कोंबडी मिठावर उभी राहते.

अडचण कोंबडीच्या अंगातच आहे. छातीचं मांस नाजूक, बिनचरबीचं. ते ६५-७० अंश सेल्सिअसला शिजून तयार असतं आणि त्यापुढे गेलं की दोरीसारखं कोरडं होत जातं. मांडी आणि तंगडी हे चालणारे, राबणारे स्नायू. त्यांच्यातले चिवट धागे ८० अंशांच्या आसपास सैल पडतात, तेव्हाच तंगडी हाडापासून सुटते. एकाच पक्ष्याचे दोन भाग दोन वेगवेगळ्या उष्णतेला पिकतात आणि आपण ते एकाच विस्तवावर ठेवतो. जगात जिथे जिथे अख्खी कोंबडी भाजतात, तिथली सगळी कारागिरी या एका पेचाशी झगडत उभी राहिली आहे.

तंदूरवाल्यांनी हा पेच सुरीने सोडवला. तंदुरी कोंबडी घेतात ती किलोच्या आतली, कातडी सोललेली. छातीला आणि मांड्यांना हाडापर्यंत चिरा देतात आणि दह्यात मुरवून सळईवर ओवतात. दही मांसावर लेप धरतं, चिरांतून धग आत शिरते आणि चारशे अंशांच्या पुढे गेलेल्या भट्टीत काम काही मिनिटांत उरकतं. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या ‘मोती महल’ने १९४७पासून दर्यागंजमधून ही कोंबडी देशभर नेली. आज नांदेडच्या धाब्यावरही तीच मिळते. पोर्तुगालमध्ये पाठीकडून कापून कोंबडी पुस्तकासारखी उघडतात, चपटी करतात आणि निखाऱ्यांवर सतत उलटीपालटी करत राहतात. रायगडच्या पोपटीत विस्तव आणि कोंबडी यांची भेटच होऊ देत नाहीत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती पेंढा-लाकडं पेटवतात आणि आत सगळं वाफेवर शिजतं. पोपटी भाजलेली म्हणून खाल्ली जाते, पण ती खरी उकडलेली असते, आणि तिची गोडी त्यातच आहे.

पेरू देशाने मात्र कोंबडी फिरती ठेवली. लिमा शहराच्या पूर्वेला सांता क्लारा इथे रॉजर शूलर नावाचा स्वित्झर्लंडचा माणूस कोंबड्या पाळत होता. धंदा बसेना तेव्हा १९५०मध्ये त्याने त्याच कोंबड्या कोळशावर भाजून विकायला सुरुवात केली. फ्रान्झ उलरिश या आपल्या देशबंधूकडून त्याने एक यंत्र बनवून घेतलं. त्यात प्रत्येक सळई स्वतःभोवती फिरते आणि सगळ्या सळया मिळून मधल्या आसाभोवतीही फिरतात. त्यामुळे कुठलीच कोंबडी विस्तवासमोर थांबून राहत नाही, आणि वरच्या कोंबडीची चरबी खालचीवर टपकून तिला माखत जाते. सुरुवातीला शूलरच्या कोंबडीला मिठाखेरीज काही लागत नसे. सोबत तळलेले बटाटे, आणि हातानेच खायचं. पुढे मसाले आले, मिरचीची चटणी आली, गल्लोगल्ली दुकानं झाली. २००४मध्ये पेरूच्या सरकारने या कोंबडीला राष्ट्रीय खाद्यवारशाचा मान दिला आणि २०१०पासून जुलैचा तिसरा रविवार तिच्या नावाने साजरा होतो. पेरूच्या कोळशाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण तिथून एक वाट थेट सोलापूरपर्यंत येते.

आपल्या अंगणात, गच्चीवर, शेतावर फिरतं यंत्र नसतं. तिथे एकच उपाय लक्षात ठेवावा, कोंबडीखाली निखारा नको. निखारे दोन्ही बाजूंना सारायचे, मध्ये चरबी झेलायला पाण्याचं एखादं पसरट भांडं ठेवायचं, त्यावर जाळी, जाळीवर कोंबडी आणि वर झाकण. झाकण हवंच. १९५२मध्ये शिकागोत धातुकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा लोखंडी गोळा अर्धा कापून झाकणाची शेगडी बनवली, तिचं सगळं मर्म या झाकणात आहे. उघड्यावर धग खालूनच लागते, झाकणाखाली ती कोंबडीभोवती खेळते. खालच्या आणि वरच्या झरोक्यांनी हवा कमीजास्त करता येते, आणि हवा आपल्या हातात असली म्हणजे विस्तवही हातात राहतो. झाकणाची शेगडी नसेल तर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घालून पुष्कळ जण काम भागवतात आणि ते भागतंही.

कोंबडी सव्वा ते दीड किलोची घ्यावी. इथे पहिली अडचण दुकानात येते. आपल्याकडचा चिकनवाला सवयीने कातडी ओढून काढतो, कारण गरम पाण्यात बुडवून पिसं उपटण्यापेक्षा ते झटपट होतं. त्याला आधीच सांगावं लागतं, “भाई, सोलू नका, पिसं काढून कातडीसकट अख्खी द्या.” कोकणात गावठी कोंबडी पिसं उपटून जाळावर धरतात, बारीक लव जाळतात आणि मग हळद चोळतात. ती वासाची कातडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना यातलं महत्त्व सांगायला नको. मात्र अंडी घालून थकलेली गावठी कोंबडी या कामाची नाही. ती रश्श्यातच शिजवावी. गावठीच भाजायची असेल तर तलंग हवी.

आदल्या रात्री किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ आतून-बाहेरून चोळून कोंबडी फ्रीजमध्ये उघडी ठेवावी. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग त्याच पाण्याबरोबर मांसात उतरतं, आणि सकाळपर्यंत कातडी कोरडी, ताणलेली होते. ओली कातडी कधीच कुरकुरीत होत नाही. विस्तवाचा पहिला अर्धा वेळ तिचं पाणी आटवण्यातच जातो. हळद, आलं-लसूण, मालवणी मसाला ज्याला जे हवं ते लावावं. पण साखर किंवा मध आधी लावू नये, तो करपतो.

कोळसा पेटवताना रॉकेल ओतू नये, त्याचा वास मांसाला लागतो. कागदावर, काटक्यांवर पेटवावा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबावं. निखाऱ्यांवर राखेची पांढुरकी साय धरली, धूर सरला, म्हणजे विस्तव तयार झाला. मग कोंबडी छाती वर करून ठेवायची, तंगड्या निखाऱ्यांच्या बाजूला. झाकण घातलं की तासभर सारखं उघडून बघायचं नाही. १८०-२०० अंशांत सव्वा तासाच्या आसपास मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ८० दाखवतो. छाती थोडी कोरडी पडली तरी निदान ७४ला पोचलेली हवी, सुरक्षिततेसाठी तेवढं जरूरच आहे. थर्मामीटरला हल्ली फार पैसे पडत नाहीत आणि अख्खी कोंबडी भाजणाऱ्याने मसाल्याआधी तोच विकत घ्यावा असं माझं मत आहे. उतरवल्यावर दहा मिनिटं तिला हात लावायचा नाही. लगेच कापली तर सगळा रस ताटात वाहतो.

कोळशाची म्हणून जी चव आपण वाखाणतो, तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. नीट पेटलेल्या लाकडी कोळशाला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. लाकडातलं पाणी, डिंक, धुराचे वायू हे सगळं भट्टीतच निघून गेलेलं असतं आणि राहिलेला असतो तो बव्हंशी शुद्ध कार्बन. आपल्याला जी चव लागते ती निखाऱ्यावर पडून धूर झालेल्या चरबीची आणि रसाची. तो धूर वर चढून पुन्हा मांसाला बिलगतो. थोडा असेल तर तो स्वर्गीय. चरबीचा भडका उडाला तर मात्र काजळी आणि आरोग्याला घातक द्रव्यं मांसावर बसतात, म्हणून खाली ते पाण्याचं भांडं. कोळसा देतो ती कोरडी, सरळ, टिकाऊ धग. गॅस जळताना त्यातून पाण्याची वाफ निघते, कोळशातून ती जवळजवळ निघत नाही. म्हणून कोळशावरची कातडी अशी खुसखुशीत होते.

तर या धगेचा धूर आधीच कुठेतरी निघून गेलेला आहे. तो कुठे निघाला आणि कुणाच्या छातीत गेला, याची गोष्ट त्या कोंबडीइतकीच आपली आहे.

*

महाराष्ट्रात हॉटेलांच्या आणि घरांच्या शेगडीत जाणारा लाकडी कोळसा मुख्यतः कोरडवाहू पट्ट्यातून येतो. सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगर, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके आणि पलीकडे कर्नाटक. तिथे पडीक रानात, ओढ्याकाठी, उजनीच्या फुगवट्याच्या कडेने वेडी बाभूळ माजली आहे. हे झाड आपलं नाही. १८७७च्या सुमारास जमैकाहून त्याचं बी ब्रिटिशांनी दक्षिण हिंदुस्थानात आणलं. उजाड जमिनीवर सरपण उगवावं हा हेतू होता आणि तो जरुरीपेक्षा जास्त सफल झाला. तोडलं की ते दुप्पट फुटतं, गवताला वर येऊ देत नाही, त्याचे काटे चपलेतून आरपार जातात. पण लाकूड जड आणि घट्ट, त्याचा कोळसा टणक आणि जास्त वेळ धग धरणारा. पेरूची ती फिरती कोंबडी ज्या ‘अल्गारोबो’च्या कोळशावर भाजतात, ते झाड याच वेड्या बाभळीचं भावंड. तिकडे उत्तर किनाऱ्यावरची अल्गारोबोची कोरडी जंगलं कोळशापायी विरळ झाली. इकडे त्या झाडाचंच भावंड शेतकऱ्याला नकोसं झालं आहे. कोळशाच्या ठेकेदाराने रान साफ करून दिलं तर त्याला हवंच असतं.

भट्टी लावणं हे कसबाचं काम आहे. तोडलेल्या लाकडाचे ओंडके उभे-आडवे रचून ढीग करतात. त्यावर गवत, पालापाचोळा आणि वरून ओल्या मातीचा जाड थर. एका तोंडातून विस्तव आत सोडतात आणि तोंड बुजवतात. आत लाकूड जळू द्यायचं नाही, नुसतं तापून करपू द्यायचं. हवा कमी पडली तर भट्टी विझते, जास्त झाली तर लाकडाची राख होते आणि आठवड्यांची मेहनत गेली. ढिगाच्या आकाराप्रमाणे हे आठ-पंधरा दिवस चालतं. धूर बघून आतली स्थिती ओळखायची असते. आधी दाट पांढरा धूर, म्हणजे पाणी निघतंय. मग पिवळसर, उग्र, डोळ्यांना झोंबणारा. शेवटी पातळ निळसर, म्हणजे कोळसा झाला, आता सगळी भोकं बुजवा. या दिवसांत मातीचा थर मध्येच खचतो, भेग पडते, आणि ती लगेच बुजवावी लागते, रात्री दोन वाजता असली तरी. बुजवणारा माणूस भट्टीवर चढतो. पायाखालची माती ढासळली तर खाली पेटता विस्तव असतो. भट्टीवर भाजलेले पाय घेऊन जगणारी माणसं या धंद्यात आहेत.

चार ते सहा किलो लाकडातून एक किलो कोळसा निघतो. एक अख्खी कोंबडी भाजायला दीड-दोन किलो कोळसा लागतो, म्हणजे तिच्याखाली आठ-दहा किलो लाकूड आणि ते तोडणारे, वाहणारे, रचणारे, जागणारे हात असतात.

हे हात बहुतेक कातकऱ्यांचे आहेत. कर्जत, खालापूर, पेण, सुधागड, रोहा, ठाणे-पालघरचे डोंगर या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे वाड्याच्या वाड्या रिकाम्या होतात. ट्रक आणि टेम्पोतून कुटुंबं निघतात, भांडी, कोंबड्या, कुत्री आणि पोरं घेऊन. परततात ती पावसाच्या तोंडावर. रायगडात थंडी पडते, वालाला शेंगा धरतात, पोपट्या लागतात, तेव्हा त्याच तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबं शेकडो किलोमीटर दूर, पाण्याची टंचाई असलेल्या माळावर काळ्या धुळीत राबत असतात.

कोळशाशी कातकऱ्यांची गाठ इंग्रजी अमलात घट्ट झाली. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. १८७८च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं आणि खैर तोडणं गुन्हा ठरला. जमीन त्यांच्या नावावर नव्हतीच. मुंबईला इंधन हवं होतं, व्यापाऱ्यांना भट्ट्या लावणारे हवे होते आणि झाड ओळखणारी, विस्तव सांभाळणारी ही माणसं त्या कामाला जुंपली गेली. कोकणातलं जंगल आटल्यावर भट्ट्या घाटावर सरकल्या आणि माणसांनाही सोबत घेऊन गेल्या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांहून जास्त होती. माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर राज्यातल्या अतिमागास आदिम जमातींत त्यांची गणना होते.

धंदा चालतो तो उचलीवर. पावसाळ्यात काम नसतं, घरात दाणा नसतो, कुणी आजारी असतं, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. तेव्हा मुकादम येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. त्या पैशांत नवरा-बायकोची जोडी, आणि न बोलता त्यांची पोरंही, सात-आठ महिन्यांसाठी बांधली जातात. भट्टीवर आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते, तीही वहीत मांडली जाते. मजुरी पोत्यावर. वही ठेकेदाराकडे, वाचता येणारा ठेकेदारच, वजन करणाराही तोच. हंगाम संपताना हिशेब होतो आणि पुष्कळदा पैसे मिळण्याऐवजी अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. मध्येच निघून गेलं तर माणसं शोधत येतात. पोरांची शाळा नोव्हेंबरात सुटते ती जूनपर्यंत, आणि मग कायमची.

याला वेठबिगारी म्हणतात. देशाने ती कायद्याने बंद केली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करवून घेतलेलं काम हेही राज्यघटनेच्या कलम २३प्रमाणे सक्तीचं श्रमच आहे. न्यायमूर्ती प. न. भगवती यांचा तो निकाल आहे. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली आणि वेठीतल्या आदिवासींना सोडवायला सुरुवात केली. एवढं होऊनही भट्ट्यांवरून कुटुंबं सोडवल्याच्या बातम्या येत राहतात. कायदा कमी पडला असं मला वाटत नाही. तो ज्या माळावर लागू व्हायचा, तिथे कुणी जात नाही.

शहरात कोळशाची चर्चा झाली, पण ती धुराची. ९ जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना, धाब्यांनाही नोटिसा धाडल्या आणि जुलैची मुदत घातली. मुंबईच्या फुफ्फुसांसाठी हे आवश्यकच होतं. हॉटेलवाल्यांनी चव जाईल म्हणून तक्रार केली, वर्तमानपत्रांनी ती छापली. भट्टीवरच्या धुराबद्दल मात्र त्या चर्चेत कुणी काही बोललं नाही. तंदुरातला कोळसा ज्या धुरातून निघतो तो मुंबईच्या आकाशात दिसत नाही, एवढंच त्याचं कारण. तंदूर बंद झाले म्हणून भट्ट्या बंद होणार नाहीत. काही कारखानेही कोळसा घेतात, राज्याच्या इतर शहरांत तंदूर चालू आहेत, आणि घरगुती शेगड्यांची, शेतघरांवरच्या सहलींची मागणी आहेच. मागणी घटली तर ठेकेदार आधी भाव पाडेल आणि तो भाव पोत्यामागच्या मजुरीतून वसूल करेल.

कोळसा आपल्याला स्वस्तात मिळतो तो या मजुरीमुळे. वेड्या बाभळीला कुणी पाणी घातलेलं नसतं, जमिनीला भाडं नसतं आणि राबणाऱ्याला किमान वेतन नसतं. माझ्या मते कोळसा महाग असायला हवा. दोन किलोमागे थोडे जास्त पैसे गेल्याने कुणाची पार्टी मोडणार नाही. ते पैसे भट्टीपर्यंत पोचावेत यासाठी आधी विकत घेणाऱ्याने विचारायला हवं. तेल, तांदूळ, अंडी कुठली हे आता लोक विचारतात. कोळसा कुठला, हे विचारताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही. करवंट्यांचा आणि भुशाच्या दाबलेल्या वड्यांचा कोळसाही बाजारात मिळतो. करवंटीचा कोळसा कोंबडीसाठी उत्तम, त्याची धग एकसारखी राहते. मात्र पाकिटावर पर्यावरणाची पानं छापली म्हणजे आतली मजुरी चोख असते असं नाही. प्रश्न तिथेही विचारावाच.

कोळशावरची कोंबडी सोडून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. मी स्वतः सोडणार नाही. वेडी बाभूळ तोडायलाच हवी, तिचा कोळसा व्हावा हे तिचं चांगलं फलित आहे. हे कसब कातकऱ्यांइतकं कुणाला येत नाही आणि त्याच कसबावर त्यांचं घर चालायला हवं. वनहक्क कायद्याने मिळालेल्या जमिनीवर, आपल्याच तालुक्यात, रोजगार हमीच्या मजुरीला जोडून स्वतःच्या मालकीची भट्टी ही अशक्य गोष्ट नाही. पक्क्या विटांच्या किंवा लोखंडी भट्टीत कोळसा जास्त निघतो, धूर कमी होतो आणि वर चढून भेगा बुजवाव्या लागत नाहीत. त्यासाठी लागणारं भांडवल आदिवासी विकासाच्या निधीपुढे क्षुल्लक आहे.

दिवाळीच्या आगेमागे ट्रक पुन्हा निघतील. थंडीत शेकोट्या पेटतील, गच्चीवर, शेतावर शेगड्या लागतील. शेगडी उघड्यावर लावा, बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कधीच नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. कोळशाचं पोतं घेताना दुकानदाराला विचारा की माल कुठल्या भट्टीचा. रस्त्याने जाताना माळावर भट्ट्या आणि त्याभोवती पोरं दिसली तर १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर कळवा. उचलीपायी अडकलेलं कुटुंब दिसलं तर तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वेठबिगार निर्मूलन कायदा २५ ऑक्टोबर १९७५पासून अमलात आला असं धरलं जातं, आणि त्या दिवसापासून अशी प्रत्येक उचल, वहीत मांडलेली प्रत्येक बाकी, कायद्याने रद्द आहे.